शिंदे म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे पहिलं कोण येतं?

माहेरची_पण_शिंदे
नमस्कार मंडळी. लेकाला (इयत्ता पाचवी) शाळेतून प्रोजेक्ट मिळालाय, "माझे आडनाव". आपल्या आडनावाची पाच नामवंत माणसं शोधायची, प्रत्येकाबद्दल पाचसहा ओळी, फोटो चिकटवायचा आणि सोमवारी द्यायचं. ज्यांची आडनावं जरा वेगळी आहेत त्या आया ग्रुपवर रडतायत, एकीने तर बाईंना विचारलंच की सासरकडे कोणी सापडलं नाही तर माहेरचं आडनाव चालेल का. आमचं दुखणं उलटं, पाचात बसवायचं कोणाला?? सासरे म्हणतात महादजी लिही आणि बाकीचे चारही त्याच घराण्यातले लिही, विषय संपला. नवरा म्हणतो आनंद शिंदे नसतील तर मी फोटोच्या प्रिंटा आणायला जाणार नाही. लेकाला आठवतात ते फक्त टीव्हीवरचे. मला माहेर आणि सासर दोन्हीकडे हेच आडनाव मिळालंय त्यामुळे मला तर निवडीचा अधिकारच नाही असं घरात ठरलंय.

तर सांगा, शिंदे म्हटलं की तुम्हाला पहिलं कोण आठवतं आणि का? का ते सांगाच, नुसती नावं गूगलही देतं.

एसटीचा_पास
मी पहिला! एकनाथ शिंदे. 30 जून 2022 पासून अख्ख्या महाराष्ट्राला दुसरं कोणी आठवतच नाही. धागा बंद करा.

दोन_चमचे_साखर
@एसटीचा_पास त्यांच्याआधी सुशीलकुमार होते की हो. 2003 ला मुख्यमंत्री, नंतर आंध्रचे राज्यपाल, मग केंद्रात गृहमंत्री. सोलापूरच्या कोर्टात बेलिफ, मग मुंबईत फौजदार आणि मग तिथून वर. म्हणजे एक रिक्षावाले आणि एक बेलिफ, शिंद्यांचे दोन्ही मुख्यमंत्री खालून वर आलेले.

एसटीचा_पास
दोन काय घेऊन बसलात, चव्हाणांचे चार आहेत. यशवंतराव, शंकरराव, अशोकराव, पृथ्वीराज. शिंद्यांनी अजून मेहनत घ्यायला पाहिजे.

व्यवस्थापक
सूचना: सध्याचं राजकारण, पक्ष, चिन्ह, कोण कोणाबरोबर गेलं हे या धाग्यावर नको. पुढचा प्रतिसाद उडवला जाईल.

पुणेरी_पाटी
मला माणूस नाही, छत्री आठवते. वानवडीला राहतो त्यामुळे पत्ता सांगताना रोज तोंडात असते. बाहेरगावच्या पाहुण्यांना शिंदे छत्रीला नेतो म्हटलं की त्यांना वाटतं रेनकोट-छत्र्यांचं दुकान आहे, सवलतीत मिळत असतील. महादजी 12 फेब्रुवारी 1794 ला तिथेच त्यांच्या छावणीत गेले, समाधी तिथेच. आत गेलात तर रंगीत काचांच्या खिडक्या बघा आणि वरच्या सज्जातली घराण्यातल्या लोकांची चित्रं बघा. दुपारी दोनच्या उन्हात त्या काचांचे निळेलाल ठिपके फरशीवर पडतात आणि आत चिटपाखरू नसतं. पुणेकर लोक शनिवारवाड्यात धक्के खातात आणि इथे येत नाहीत, जे की बरंच आहे.

सातारी_कंदी
सासरेबुवांना माझा नमस्कार सांगा, माणूस जाणकार आहे. आमच्या कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड, तिथले पाटील हे. राणोजी शिंदे पहिल्या बाजीरावाच्या पदरी आले, पेशव्याच्या जोड्यांवर होते आणि जोडे छातीशी धरून झोपलेले बाजीरावाने बघितले अशी गोष्ट सांगतात, खरीखोटी देव जाणे, पण महादजी स्वतः आयुष्यभर "पाटील" म्हणवून घ्यायचे हे मात्र खरं. दिल्लीच्या बादशहाकडून वकील-ए-मुतलकचा, म्हणजे बादशहाच्या सर्वाधिकारी कारभाऱ्याचा किताब आणला, उत्तरेत ज्याच्या शब्दाबाहेर कोणी नाही असा माणूस, आणि पुण्यात येऊन म्हणणार मी आपला पाटील.

आणि लोक विसरतात ते त्या घराने काय मोजलं ते. राणोजींचा मोठा मुलगा जयाप्पा 1755 ला नागौरजवळ दगा करून मारला. दत्ताजी 10 जानेवारी 1760 ला बुराडी घाटावर. "बचेंगे तो और भी लढेंगे" ते हेच दत्ताजी. त्यानंतर वर्षभरात पानिपत, त्यात राणोजींचे आणखी एक चिरंजीव तुकोजी गेले आणि जयाप्पांचा पोरगा जनकोजी, मिसरूडही नीट फुटलेलं नसेल, पकडून मारला. सहा वर्षांत घर रिकामं झालं. उरला तो एकटा महादजी, पायावर वार खाऊन पडलेला, राणेखान नावाच्या पखालीवाल्याने त्याला उचलून आणला म्हणून वाचला. पुढे महादजीने त्या राणेखानाला भाऊ मानून सरदार केला. आणि दहा वर्षांनी, 1771 ला, हाच लंगडा माणूस परत दिल्लीत. माझं मत महादजीला पहिला नंबर, दुसरा दत्ताजीला, बाकी कोणी का असेना.

दोन_चमचे_साखर
वाचून काटा आला. आता पाचवीच्या पोराने हे सहा ओळीत बसवायचं म्हणे.

माहेरची_पण_शिंदे
@सातारी_कंदी सासऱ्यांना वाचून दाखवलं. राणेखानापाशी त्यांनी चष्मा काढला. आता ते विचारतायत की हे गृहस्थ कोण, कुठले, आणि त्यांचा फोन नंबर आहे का. कृपा करून देऊ नका, दोघं रात्रभर बोलत बसाल.

ग्वाल्हेरवाली
इथे ग्वाल्हेरहून वाचतेय, आमच्या चार पिढ्या इथे. गंमत सांगते, घराण्याचं आडनाव सगळीकडे सिंधिया झालं, शाळा सिंधिया, बनारसचा घाट सिंधिया, पण शहरातला एक मोहल्ला अजून "शिंदे की छावनी" आहे. टेम्पोवाला दिवसभर ओरडत असतो शिंदे की छावनी, शिंदे की छावनी, आणि त्याला विचारा शिंदे कौन तर म्हणेल पता नहीं दीदी, महाराज तो सिंधिया हैं. :)

जयविलास महाल 1874 चा. दरबार हॉलमधली झुंबरं टांगण्याआधी छत पेलेल का बघायला वर हत्ती चढवले होते असं इथला प्रत्येक गाईड सांगतो. आणि जेवणाच्या टेबलावर रुळांवरून फिरणारी चांदीची आगगाडी आहे, पाहुण्यांना फिरून फिरून वाढायला. लेकाला फोटो हवा असेल तर त्या गाडीचा द्या, महादजीपेक्षा वर्गात तीच जास्त चालेल. आणि यादीत राण्या पण घ्या हो! बायजाबाई शिंदे, दौलतरावांच्या राणी, कागलच्या घाटग्यांच्या लेक, नवरा गेल्यावर यांनी राज्य चालवलं, इंग्रजांना चांगल्याच जड गेल्या.

पेन्शनर_बंडू
दौलतरावांचा विषय काढलाच आहे तर, महादजीने डी बॉइन नावाच्या युरोपियन सेनानीकडून कवायती फौज उभी करून घेतली आणि पुढच्याच पिढीत 1803 ला असईला इंग्रजांकडून हार आणि मग सुर्जी-अंजनगावचा तह. बापाने कमावलं पोराने घालवलं, बाकी काय.

सातारी_कंदी
पोरगा नव्हे, दत्तक. तुकोजींचा नातू. आणि असईत समोर वेलस्ली होता ज्याने पुढे वॉटर्लूला नेपोलियनला लोळवला, तेव्हा नुसतं घालवलं घालवलं म्हणू नका.

पेन्शनर_बंडू
लागलं वाटतं :) हलके घ्या.

नववी_ब
सगळ्यांनी तलवारी म्यान करा आता. मला पहिली आठवते ताराबाई शिंदे. आणि मला चीड येते की अजून एकानेही नाव घेतलं नाही.

बुलढाण्याची बाई. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत, सत्यशोधक समाजाचे. 1881 ला सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर पोटचं मूल मारल्याचा खटला झाला, आधी फाशी, मग ती रद्द होऊन काळ्या पाण्याची शिक्षा. पेपरात बायकांच्या नावाने जी बोंब सुरू झाली ती वाचून ताराबाईंनी "स्त्रीपुरुष तुलना" लिहिलं, 1882 ला पुण्यात छापलं, किंमत नऊ आणे. लोक तुटून पडले. बाजू घेतली ती जोतीराव फुल्यांनी. त्यानंतर त्यांचं दुसरं काही छापलेलं नाही. पुस्तकही विस्मरणात गेलं ते 1975 ला स. गं. मालशांनी पुन्हा छापलं तेव्हा बाहेर आलं. जवळजवळ शंभर वर्षं!! ते वाचताना जाणवतं ते म्हणजे बाई चिडून बोलतेय, शालीन भाषा वगैरे नाही, समोर उभं करून विचारतेय की जे दोष बायकांचे म्हणता ते तुमच्यात नाहीत का. आणि त्या घरजावई केलेल्या बाई, म्हणजे माहेरीच राहिल्या आणि पुस्तकावर आडनाव माहेरचंच.

धागाकर्ती, तुमच्या आयडीवरून तरी तुम्हाला या लागू पडतात.

एसटीचा_पास
"घरजावई केलेल्या बाई" म्हणजे काय हो? घरजावई नवरा असतो ना.

नववी_ब
कळलं ना? मग झालं.

माहेरची_पण_शिंदे
@नववी_ब हे नाव मी बारावीपर्यंत कुठल्याही पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. एक जागा पक्की. घरात सांगायचं धैर्य गोळा करतेय, कारण म्हणजे आता सरदारांच्या जागा चारवर आल्या.

गुगली
रुमाल टाकतो. सदाशिव ऊर्फ सदू शिंदे. कोणालाच माहीत नसणार म्हणून सांगतो. लेगस्पिनर, गुगली टाकायचा, 1946 आणि 1952 दोन्ही इंग्लंड दौऱ्यांवर होता. एकूण सात कसोट्या, बारा विकेट. आकडे बघून म्हणाल त्यात काय. पण 1951 च्या नोव्हेंबरात दिल्लीला इंग्लंडविरुद्ध एका डावात 91 धावांत 6! म्हणजे अख्ख्या कारकिर्दीतल्या निम्म्या विकेट एका डावात. आणि 1955 ला विषमज्वराने गेला, वय अवघं 31. त्याची मुलगी म्हणजे प्रतिभाताई, शरद पवारांच्या पत्नी.

दोन_चमचे_साखर
काय सांगता! म्हणजे पवारसाहेबांचं क्रिकेट हे सासरकडून आलेलं.

व्यवस्थापक
इथपर्यंत चालेल. इथून पुढे नको.

निळी_पहाट
वाचत होतो, बोलायचं नव्हतं खरं तर. पण इथे "शिंदे घराणं, शिंदे घराणं" असं चाललंय जणू एकच घर आहे. आम्हीही शिंदेच. मराठवाड्यातले, बौद्ध. तुमच्यापैकी ज्यांना हे आडनाव आहे त्यांना माहीत असेल, नाव सांगितलं की पुढचा प्रश्न येतो "शिंदे म्हणजे कुठले?" आणि गाव सांगितलं की समोरच्याचं समाधान होत नाही. त्याला गाव नकोच असतं.

शिकायला होतो तेव्हा खोली बघायला गेलो, घरमालक खूश, शिंदे का, या या, चहा घ्या, आमच्या बायकोकडचे पण शिंदेच. मग चहा पिता पिता, कुलदैवत कोणतं तुमचं? मी म्हटलं आमच्याकडे बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो असतो. कप ठेवायच्या आत त्यांना आठवलं की खोली पुतण्याला द्यायचं आधीच ठरलंय. बायको आतून बिस्किटं घेऊन येत होती, ती दारातच थांबली, ताटली हातात तशीच. बरं आडनाव तेच, माणूस तोच, पाच मिनिटांपूर्वी नातेवाईक होतो.

माझं उत्तर: प्रल्हाद शिंदे. मंगळवेढ्याचे. आषाढीला ज्यांच्या आवाजाशिवाय एकही एसटी पंढरपूरला पोचत नाही ते हे, आणि 14 एप्रिलला आमच्या वस्तीत पहाटेपासून लागतो तो आवाजही हाच. विठ्ठलाचं, भीमरायाचं आणि वर कव्वाली, तिन्ही एकाच गळ्यातून. लोक विठ्ठलाची गाणी मोबाईलवर लावतात आणि गाणारा कोण, कुठल्या वस्तीतून आला हे विचारत नाहीत. तेव्हा मात्र "कुठले शिंदे" कोणी विचारत नाही.

नववी_ब
_/\_

सातारी_कंदी
निळी_पहाट, तुमचं म्हणणं मान्य. मी कण्हेरखेडचं लिहिलं ते एका घराचं लिहिलं, सगळ्या शिंद्यांचं नाही. आणि वारीत आमच्या ट्रॅक्टरवर सुद्धा प्रल्हाद शिंदेच असतात, दुसरं काही लावलं तर म्हातारी माणसं खाली उतरून चालतील.

माहेरची_पण_शिंदे
निळी_पहाट, लिहिलंत ते बरं केलंत. ही दुसरी जागा पक्की. नवऱ्याला सांगितलं की आनंद शिंदे नाहीत पण त्यांचे वडील आहेत, त्यावर तो म्हणाला बाप तो बाप आणि प्रिंटा आणायला तयार झाला. आनंद, मिलिंद, आदर्श म्हणजे तीन पिढ्या गाणाऱ्या, सगळे एकाच ओळीत येतील.

पाटलीण_बाई
मला एक कळत नाही, सगळे शिंदे मूळचे एकच ना? आमच्याकडे वंशावळीवाले येतात ते सांगतात नागवंशी, कर्नाटकातलं सिंद राजघराणं, तिथून सगळे आले.

पेन्शनर_बंडू
कर्नाटकात सिंद म्हणून घराणं होतं, येलबुर्ग्याला राज्य करायचे, चालुक्यांचे मांडलिक, हे खरं. त्यांच्यापासून आपल्या गल्लीतल्या शिंद्यांपर्यंत अखंड रेघ ओढायला मध्ये सातआठशे वर्षं आहेत, ती दक्षिणा दिली की भरून निघतात.

दोन_चमचे_साखर
🤣🤣

निळी_पहाट
मूळ एक असतं तर देव तरी एक असता. ऑफिसात आम्ही शिंदेच शिंदे आहोत, एकाचा जोतिबा, एकाची तुळजाभवानी, एकाचा खंडोबा, एक ख्रिश्चन आहे आणि मी. मराठा, धनगर, माळी, मातंग, आणखी कितीतरी समाजात शिंदे आहेत. पगाराच्या स्लिपा चुकीच्या टेबलावर जातात एवढंच आमचं नातं.

सातारी_कंदी
जोतिबावरून आठवलं, वाडी रत्नागिरीचं जोतिबाचं आत्ताचं मोठं देऊळ राणोजींनी 1730 मध्ये बांधलं. ग्वाल्हेरकरांचं कुलदैवत तेच. चैत्राच्या यात्रेला त्यांची सासनकाठी असते.

जामखेडचा_जावई
धनगरांचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, तुमच्या यादीतलं सगळ्यात मोठं नाव अजून आलंच नाही. अहिल्याबाई होळकर! चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक. 1725 चा जन्म. म्हणजे ज्या होळकरांचं आणि ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं हयातभर पटलं नाही, त्या होळकरांची सगळ्यात थोर राज्यकर्ती माहेरची शिंदे. घाट, धर्मशाळा, काशी विश्वनाथाचं देऊळ, काय काय बांधलं या बाईने. आणि चौंडीचेच राम शिंदे आता विधान परिषदेचे सभापती आहेत (व्यवस्थापक, ही माहिती आहे, राजकारण नाही).

व्यवस्थापक
ठीक आहे.

पाटलीण_बाई
अय्या हो की! पण मग शाळेतल्या बाई म्हणतील आडनाव होळकर आहे, मार्क कापतील.

नववी_ब
का कापतील? ताराबाईंना माहेरचं नाव चालतं तर अहिल्याबाईंना का नाही?

पाटलीण_बाई
ताराबाईंनी स्वतः लावलं होतं ते. अहिल्याबाई स्वतःला होळकरच म्हणवून घ्यायच्या ना. आपण कोण बदलणारे.

जामखेडचा_जावई
मग विजयाराजे सिंधियांना तरी शिंदे कसं म्हणायचं, त्यांच्या आई नेपाळच्या राणा घराण्यातल्या. लग्नाने आलेली चालते आणि लग्नाने गेलेली चालत नाही हा कुठला न्याय?

पाटलीण_बाई
तोच न्याय जो रेशन कार्डावर असतो.

अहल्याश्रमाजवळ
नुसता वाचक आहे, पण आता राहवलं नाही कारण हा दुवा कोणीच जोडला नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे! जमखंडीला 23 एप्रिल 1873 चा जन्म, फर्ग्युसनमधून बीए, मग 1901 ते 03 ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तौलनिक अभ्यास. परत आल्यावर मोठी नोकरी धरता आली असती. त्यांनी 1906 ला मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं, अस्पृश्य मुलांच्या शाळा, वसतिगृहं, आणि स्वतः बहीण जनाक्कासकट त्याच वस्तीत राहायला गेले. भाषण देऊन संध्याकाळी घरी जाणारे पुष्कळ होते, हे तिथेच झोपायचे. 1917 ला कलकत्त्याच्या काँग्रेसमध्ये अस्पृश्यतेविरुद्ध ठराव झाला त्यामागे यांची खटपट. 1933 ला "भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न" हे पुस्तक. नुसती कळकळ नाही त्यात, भाषा, इतिहास, गावगाडा सगळं खणून काढलेलं.

त्यांचं काय झालं तर जातभाईंनी वाळीत टाकल्यासारखं केलं आणि ज्यांच्यासाठी केलं त्या समाजाचं पुढारपण साहजिकच त्या समाजातल्याच माणसाकडे गेलं, तसंच व्हायला हवं होतं, पण मधल्या मध्ये हा माणूस कोणाचाच राहिला नाही. 2 जानेवारी 1944 ला गेले. एखाद्या रस्त्याची पाटी सोडली तर आज कोणाच्या तोंडात नाव नसतं.

आणि दुवा असा की पुण्यात मिशनची जी वास्तू उभी राहिली तिचं नाव अहल्याश्रम, इंदूरच्या होळकरांच्या देणगीतून झालेली. म्हणजे एका शिंद्याचं काम, होळकरांचा पैसा आणि माहेरच्या शिंदे असलेल्या बाईचं नाव.

निळी_पहाट
मी आधी प्रल्हाद शिंदे म्हटलं, ते कायम. पण एकाच माणसाचा पाठ पुस्तकात घालायचा म्हटलं तर मी विठ्ठल रामजींना मत देईन. आमच्या आजोबांचे वडील अशाच एका वसतिगृहात राहून शिकले.

दर्यावर्दी_रिटायर्ड
मर्चंट नेव्हीत होतो. आमच्यासाठी शिंदे म्हणजे सिंधिया कंपनी. 5 एप्रिल 1919 ला "लॉयल्टी" जहाज मुंबईहून लंडनला निघालं, म्हणून 5 एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन. वालचंद हिराचंद आणि नरोत्तम मोरारजी यांची कंपनी, नाव सिंधिया का तर ते जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून विकत घेतलेलं! पहिल्या महायुद्धात त्याचं इस्पितळ जहाज केलं होतं. पुढे याच कंपनीने विशाखापट्टणमला जहाजबांधणीचा कारखाना काढला, तिथे बांधलेलं "जलउषा" 1948 ला नेहरूंच्या हस्ते पाण्यात गेलं. कारखाना सरकारजमा झाला, कंपनी राहिली नाही, पण विशाखापट्टणमला आजही बस कंडक्टर "सिंधिया, सिंधिया" पुकारतो. कुठे कोरेगाव तालुका आणि कुठे बंगालचा उपसागर.

ग्वाल्हेरवाली
आमचा टेम्पोवाला शिंदे म्हणतो आणि तुमचा कंडक्टर सिंधिया, दोघांची अदलाबदल करायला पाहिजे.

एसटीचा_पास
अवांतर: माझ्या मोबाईलमध्ये "शिंदे गॅस", "शिंदे प्लंबर", "शिंदे एलआयसी", "शिंदे वहिनी", "शिंदे पैसे देणे" आणि "शिंदे उचलू नये" असे नंबर आहेत. परवा "शिंदे पैसे देणे" ऐवजी "शिंदे एलआयसी"ला मेसेज गेला की थोडे दिवस थांबा, तर तो म्हणाला पॉलिसी लॅप्स होईल.

दोन_चमचे_साखर
आमच्या शाळेत मोठे शिंदे सर, चित्रकलेचे शिंदे सर आणि मारके शिंदे सर होते. मारके शिंदे सर नंतर मुख्याध्यापक झाले तरी मारकेच राहिले.

पाटलीण_बाई
@माहेरची_पण_शिंदे राग मानू नका पण शिंदे-शिंदे लग्न कसं जमलं हो? आमच्यात एकाच आडनावात देत नाहीत. सहज विचारतेय.

माहेरची_पण_शिंदे
राग कसला, लग्नात प्रत्येक पाहुण्याने हेच विचारलं. देवक वेगळं, कुळ वेगळं, असं दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी दोन दुपारी बसून ठरवलं. मला त्यातलं एवढंच कळलं की लग्नानंतर बँकेत, पॅनवर, पासपोर्टवर आडनाव बदलायला लागलं नाही. मधलं नाव मात्र बदला म्हणून बँकेने हेलपाटे घालायला लावले ते लावलेच.

गुगली
पण आमच्या सदूचं काय झालं? यादी सांगा.

माहेरची_पण_शिंदे
सांगते. काल रात्री घरात बैठक बसली. महादजी (सासरे), प्रल्हाद शिंदे (नवरा), ताराबाई (मी), विठ्ठल रामजी (सर्वानुमते, सासऱ्यांनीच सांगितलं की त्यांच्या वडिलांनी त्यांना बघितलं होतं). पाचव्या जागेसाठी अहिल्याबाई आणि सदू शिंदे. मी अहिल्याबाईंसाठी भांडले. लेक म्हणाला अहिल्याबाई वर्गातल्या होळकर आडनावाच्या मुलीने आधीच घेतल्यात, दोघांचं सारखं झालं तर बाई ओरडतात. म्हणून 91 धावांत 6.

गुगली
पोराला माझ्याकडून एक बॅट.

सातारी_कंदी
दत्ताजी??

माहेरची_पण_शिंदे
महादजींच्या सहा ओळींतली एक दत्ताजींची आहे. ती सासऱ्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलीय, बाईंना कळणारच आहे, कळू दे.

नववी_ब
ताराबाईंच्या ओळी काय लिहिल्या?

माहेरची_पण_शिंदे
लेकाने स्वतः लिहिलं: "त्यांना खूप राग आला म्हणून त्यांनी पुस्तक लिहिले. ते पुस्तक नऊ आण्यांना होते. लोकांना पण राग आला. जोतीराव फुले त्यांच्या बाजूने होते." मी एक अक्षर बदललं नाही.

पेन्शनर_बंडू
यापेक्षा चांगला सारांश मी वाचलेला नाही.

अहल्याश्रमाजवळ
सयाजी शिंदे राहिले की. साताऱ्याकडचे, तेलुगूत मोठं नाव, आणि आता सह्याद्री देवराई म्हणून झाडं लावत फिरतात. राखीव खेळाडू म्हणून तरी घ्या.

एसटीचा_पास
तेलुगू पिक्चरमध्ये ते व्हिलन असतात आणि शेवटी मार खातात, पोरं हसतील.

जाधवांचा_नातू
इतका वेळ गप्प बसलो होतो. आमचा खाशाबा जाधव एकटा, 1952 हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तुमचे सगळे एका पारड्यात घाला.

पाटलीण_बाई
जिजाऊ पण माहेरच्या जाधव. सिंदखेडराजाच्या लखुजीरावांची लेक.

जामखेडचा_जावई
हां, आता चालतं का माहेरचं? कालपर्यंत रेशन कार्ड दाखवत होता!

पाटलीण_बाई
जिजाऊंची गोष्ट वेगळी.

जामखेडचा_जावई
कशी काय वेगळी?

व्यवस्थापक
जाधवांसाठी वेगळा धागा काढा.